१४५ मेगाहर्ट्झचा पाच वॉटचा ॲम्प्लिफायर: मॅचिंगचं गणित आणि बोर्डावरचं तांबं

सर्किट डायग्रामवर एक कॉइल आणि एक कपॅसिटर काढला की मॅचिंग (ट्रान्झिस्टरला हवा तो लोड अँटेनाच्या ५० ओममधून घडवणं) झालं असं बरेच जण धरून चालतात आणि मग दहा वॉट खाऊन एक वॉट बाहेर का येतोय म्हणून ट्रान्झिस्टर बदलत बसतात. ट्रान्झिस्टरच्या पायापासून एसएमए कनेक्टरपर्यंत जेवढं तांबं आहे ना, ट्रेस, पॅड, व्हाया (बोर्डाच्या वरच्या-खालच्या थरांना जोडणारं तांब्याचं भोक), कपॅसिटरची टोकं, ते सगळं मॅचिंगमध्येच मोडतं, तुम्ही मोजा किंवा नका मोजू. म्हणून खाली गणित आणि लेआउट वेगवेगळे न करता एकत्रच करू. उदाहरण घेऊ २ मीटर बँडचं, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, पुरवठा १२.५ व्होल्ट, आउटपुट ५ वॉट, म्हणजे हँडीच्या मागे लावायला किंवा घरच्या छोट्या रिगला ड्रायव्हर म्हणून बरा. हवेत सोडायचं असेल तर डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याचं) हॅम लायसन्स लागतंच, नसेल तर डमी लोडवर (अँटेनाऐवजी ५० ओमचा रेझिस्टर) करा, शिकायला तेवढं पुरतं.

आधी लोड काढा

कॉलेजात मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर शिकवतात, की सोर्सचा जेवढा इम्पिडन्स तेवढाच लोडचा, आणि ते डोक्यात इतकं घट्ट बसतं की लोक पॉवर ॲम्प्लिफायरच्या आउटपुटलाही तेच लावतात. तिथे ते चालत नाही. पॉवर ट्रान्झिस्टरला लोड असा द्यायचा की पुरवठ्याचे व्होल्ट पूर्ण वापरले जातील आणि करंटही हाताबाहेर जाणार नाही. सूत्र सोपं आहे: पुरवठ्यातून ट्रान्झिस्टरच्या गुडघ्याचे व्होल्ट (तो पूर्ण चालू असतानाही त्याच्यावर उरतात ते) वजा करा, वर्ग करा, आणि हव्या त्या वॉटच्या दुपटीने भागा. १२.५ मधून साधारण १.३ गेले, उरले ११.२, वर्ग झाला १२५, भागिले १०, आले १२.५ ओम. म्हणजे ड्रेनला (ट्रान्झिस्टरच्या आउटपुटच्या पायाला) १२.५ ओम दिसायला हवेत आणि अँटेना आहे ५० ओमची, बरोब्बर चारास एक. (आकडे मुद्दाम असे घेतलेत, गणित तोंडी करता येतं.)

आता एल नेटवर्क, म्हणजे एक कॉइल आणि एक कपॅसिटर. ५० ला १२.५ ने भागलं, ४, त्यातून १ वजा, ३, त्याचं वर्गमूळ १.७३, हा झाला क्यू, म्हणजे रिॲक्टन्स आणि रेझिस्टन्सचं गुणोत्तर. सिरीजमध्ये कॉइल, रिॲक्टन्स (फ्रिक्वेन्सीनुसार होणारा अडथळा) १.७३ गुणिले १२.५ म्हणजे २१.७ ओम. ५० ओमच्या बाजूला ग्राउंडकडे कपॅसिटर, रिॲक्टन्स ५० भागिले १.७३ म्हणजे २८.९ ओम. १४५ मेगाहर्ट्झला हे होतात २३.८ नॅनोहेन्री आणि ३८ पिकोफॅरड. कॉइल सिरीजला आणि कपॅसिटर ग्राउंडला असं ठेवलं की थोडंफार लो पास फिल्टरचं कामही आपोआप होतं, उलटं लावलं तरी मॅच होईल पण हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट) मोकळे सुटतील.

पण इथे थांबलात तर फसाल, कारण ट्रान्झिस्टरच्या ड्रेनवर स्वतःचा कपॅसिटन्स असतो. डेटाशीटमध्ये तो आउटपुट कपॅसिटन्स म्हणून दिलेला असतो, आपण ४० पिकोफॅरड धरू. १४५ ला त्याचा रिॲक्टन्स २७.४ ओम, म्हणजे १२.५ ओमशेजारी हा काही दुर्लक्ष करण्यासारखा आकडा नाही. १२.५ ओम आणि ४० पिकोफॅरड समांतर असतील तर ते सिरीजमध्ये १०.३५ ओम रेझिस्टन्स आणि उणे ४.७ ओम रिॲक्टन्स असे दिसतात. मग नेटवर्कने १०.३५ ओमशी जमवायचं आणि वर ४.७ ओमची कॉइल जास्तीची द्यायची. परत तेच गणित: क्यू १.९६, कॉइल २०.३ अधिक ४.७ म्हणजे २५ ओम, म्हणजे २७.४ नॅनोहेन्री, आणि कपॅसिटर ४३ पिकोफॅरड. बघा, २३.८ चे २७.४ झाले आणि ३८ चे ४३ झाले, फक्त एक कपॅसिटन्स धरल्यामुळे.

आता तांबं वजा करा

१.६ मिमीचा साधा एफआर४ बोर्ड, खाली अखंड ग्राउंड, वर ३ मिमी रुंद ट्रेस, हा झाला जवळपास ५० ओमचा. असा ट्रेस दर मिलीमीटरला साधारण ०.३ नॅनोहेन्री आणि ०.१२ पिकोफॅरड घेऊन येतो. ड्रेनच्या पायापासून कॉइलच्या पॅडपर्यंत ५ मिमी आणि कॉइलपासून कपॅसिटरपर्यंत ५ मिमी असेल तर तीन नॅनोहेन्री तिथेच झाले, म्हणजे कॉइल २७.४ ची नाही तर २४ च्या आसपासची हवी. तोच ट्रेस कोणी अर्धा मिमीचा काढला, डिजिटलवाल्यांची सवय असते, तर दर मिलीमीटरला ०.६ च्या घरात जातं आणि मग सहा नॅनोहेन्री. कॉइलच्या किमतीत पंचवीस टक्के फरक, आणि डायग्रामवर त्याचा पत्ताच नाही.

कॉइल विकत घेऊ नका, गुंडाळा. ०.८ मिमीची एनॅमलची तार, ४ मिमीच्या ड्रिल बिटवर तीन वेढे. वेढे जवळ जवळ, लांबी ४ मिमी ठेवली तर ३३ नॅनोहेन्री, ताणून ६ मिमी केली तर २५, अजून थोडी ताणली की २४. म्हणजे आपल्याला हवी ती किंमत ताणण्याच्या टप्प्यात येते आणि बोर्डावर बसवल्यावर लाकडी टूथपिकने वेढे मागेपुढे करून ट्यून करता येते. हे एसएमडी इंडक्टरमध्ये कुठलं जमायला. तार, एसएमए कनेक्टर, फेराइट बीड असलं किरकोळ सामान पुण्यात बुधवार पेठेत मिळून जातं, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानात आणि तपकीर गल्लीत फिरलात तर. पण कपॅसिटर घेताना सी०जी (तापला तरी किंमत न बदलणारा सिरॅमिक) म्हणून ठामपणे सांगा, एनपी० म्हटलं तरी तेच. मॅचिंगमध्ये एक्स७आर टाकला तर तो गरम झाला की किंमत बदलणार आणि लॉसही जास्त. आरएफ पॉवर ट्रान्झिस्टरच्या बाबतीत मात्र स्वस्त दिसलं की सावध व्हा, नकली माल फार फिरतो, नाव मित्सुबिशीचं आणि आत भलतंच.

४३ पिकोफॅरडच्या त्या कपॅसिटरकडे जरा जवळून बघू. ५ वॉट ५० ओममध्ये म्हणजे १५.८ व्होल्ट आरएमएस, आणि कपॅसिटरचा रिॲक्टन्स २५.५ ओम, म्हणजे त्यातून ०.६ अँपियरच्या वर करंट वाहतोय. ०६०३ साइजच्या एकट्या जिवाला हे जड जातं. म्हणून ३३ आणि १० असे दोन घ्या, ट्रेसच्या दोन्ही बाजूंना एकेक, प्रत्येकाच्या ग्राउंड पॅडला स्वतःचे व्हाया. १.६ मिमी बोर्डातला अर्धा मिमीचा एक व्हाया एक नॅनोहेन्रीच्या थोडा वरच असतो, १४५ ला जवळपास एक ओम. एकच कपॅसिटर आणि एकच व्हाया असेल तर ४३ चा कपॅसिटर सर्किटला ४५ सारखा दिसतो आणि ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासच रेझोनेट होऊन पुढे कॉइलसारखा वागायला लागतो. म्हणजे वरच्या हार्मोनिकला तुमचा कपॅसिटर जाग्यावरच नाही. दोन कपॅसिटर आणि चार व्हाया टाकले की हा प्रश्न बराचसा मिटतो, खर्च शून्य.

ग्राउंड

लेआउटला बसलात की पहिला ट्रेस काढायच्या आधी खालचा थर पूर्ण ग्राउंड करून टाका आणि त्याला हात लावू नका. "एकच जंपर खालून नेतो" असं म्हणाल आणि तो नेमका ड्रेनच्या ट्रेसखालून चिरत जाईल. वरचा करंट ज्या वाटेने जातो त्याच्याच खालून परतीचा करंट येत असतो, तिथे खाच पडली की तो वळसा घालतो, आणि वळसा म्हणजे इंडक्टन्स. वायर लावायचीच असेल तर वरून लावा, दिसायला वाईट दिसेल, दिसू दे.

सगळ्यात महत्त्वाचा सोर्सचा पाय, म्हणजे ट्रान्झिस्टरचा ग्राउंडला जाणारा पाय. सोर्स आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक नॅनोहेन्री जरी राहिला तरी इनपुट आणि आउटपुट दोघांचा करंट त्यातून जातो आणि तो फीडबॅक होऊन बसतो, गेन कमी, मॅचिंगचे आकडे बदललेले, तुम्ही इकडे कॉइल ताणताय आणि गेन तिकडे जमिनीत चाललाय, आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं तसं. सोर्सच्या पॅडखाली आणि लगत जेवढे बसतील तेवढे व्हाया टाका, आठ-दहा तरी. मित्सुबिशीच्या आरडी मालिकेतल्या आरडी१५एचव्हीएफ१ सारख्या ट्रान्झिस्टरचं एक बरं आहे, मागचा पत्राच सोर्स असतो, तो सरळ हीटसिंकवर आवळायचा, मध्ये मायका (इन्सुलेटरचा पापुद्रा) नको. आयआरएफ५१० चा पत्रा मात्र ड्रेन असतो, तिथे मायका लावावाच लागतो आणि मायका म्हणजे ड्रेनपासून ग्राउंडला आणखी एक कपॅसिटर, तोही गणितात धरा. तसंही आयआरएफ५१० शॉर्टवेव्हवर ठीक आहे, १४५ ला त्याच्या नादी लागू नये.

वरच्या थरावर मोकळ्या जागेत ग्राउंड ओतायचा असेल तर ५० ओमच्या ट्रेसपासून लांब ठेवा, ३-४ मिमी तरी. किकॅड (बोर्ड काढायचं सॉफ्टवेअर) ग्राउंड ओतताना आपल्या मनाने अर्ध्या मिमीची फट ठेवून मोकळा होतो, आणि तेवढ्या फटीत ३ मिमीचा ट्रेस ५० चा राहत नाही, ४० च्या घरात येतो. किकॅडमध्येच कॅल्क्युलेटर आहे, त्यात कोप्लेनर (शेजारीही ग्राउंड असलेला ट्रेस) निवडून बघा.

खरं तर १४५ ला एवढं ट्रेसच्या रुंदीचं अवडंबर करायची गरज नसते हेही सांगून टाकतो. एफआर४ वर या फ्रिक्वेन्सीची एक तरंगलांबी सव्वा मीटरच्या जरा आत, १.१४ मीटरच्या आसपास येते, तिच्यापुढे एक सेंटिमीटरचा ट्रेस म्हणजे तीन अंशांची फेज. ४५ ओमचा झाला काय आणि ५५ चा झाला काय, फारसं बिघडत नाही. २.४ गिगाहर्ट्झला हीच लांबी सात सेंटिमीटरच्या आत येते आणि तिथे मात्र अर्धा मिमीही विचारून टाकावा लागतो. एफआर४ चा डायइलेक्ट्रिक ४.२ ते ४.६ कुठेही असतो, त्याने ५० ओममध्ये दोन ओमचा फरक पडतो, तोही सोडून द्या. भोसरी-चिंचवडकडच्या पीसीबीवाल्याकडे टाकणार असाल तर बोर्डची जाडी आणि तांब्याची जाडी तेवढी आधी विचारून घ्या, कारण ०.८ मिमीचा बोर्ड आला तर ५० ओमला ३ मिमी नाही, दीड मिमी लागतो आणि तुमची सगळी पॅडची मापं चुकतात.

गेटची बाजू जास्त नाठाळ

आउटपुटला १० ओम होते, गेटला (इनपुटच्या पायाला) असल्या ट्रान्झिस्टरचा इम्पिडन्स दोन-तीन ओमही निघू शकतो. समजा २ ओम. एका पायरीत ५० वरून २ वर आणायचं तर क्यू ४.९. मधे १० ओमचा टप्पा घेऊन दोन पायऱ्यांत आणलं तर प्रत्येकी क्यू २. बँडविड्थसाठी नाही म्हणत मी, आपल्याला २ मेगाहर्ट्झच हवेत, पण क्यू कमी असला की पाच टक्क्यांचा कपॅसिटर चुकला तरी सगळं कोसळत नाही.

आणि इथे तांबं फार बोचतं. ५० ओमचा ३ मिमी ट्रेस १० मिमी लांब नेला तर ३ नॅनोहेन्री, म्हणजे २.७ ओम, तुमच्या २ ओमच्या गेटपेक्षाही मोठा! म्हणून गेटपाशी ट्रेस नकोच, रुंद पॅड करा, १० मिमी रुंद पट्टी घेतली तर दर मिलीमीटरला ०.१४ नॅनोहेन्रीवर येतं. शेवटचा ग्राउंडचा कपॅसिटर गेटच्या पायाला अक्षरशः चिकटून, तोही दोन्ही बाजूंना वाटून.

डेटाशीट वाचताना एक बघा. काही कंपन्या ट्रान्झिस्टरचा स्वतःचा इम्पिडन्स देतात, काही कंपन्या ट्रान्झिस्टरला जो इम्पिडन्स दाखवायला हवा तो देतात, आणि दोघांत जे च्या (म्हणजे रिॲक्टन्सच्या भागाच्या) मागचं अधिक-उणे उलटं असतं. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात किंवा चित्रात बाण काढून लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय एकही आकडा उचलू नका. आणि ते आकडे किती व्होल्टला, किती वॉटला हेही बघा, १५ वॉटचे आकडे ५ वॉटला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

ट्रान्झिस्टर न लावता ट्यून करा

नॅनोव्हीएनए (मॅचिंग मोजायचं छोटं यंत्र) आता बऱ्याच जणांकडे असतो, नसेल तर मित्राकडून आणा. पॉवर चालू असलेल्या ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला तो चुकूनही जोडू नका, पाच वॉट त्याच्या पोटात गेले की संपला. त्याच्याऐवजी असं करा.

बोर्डवर सगळं लावा, कॉइल, कपॅसिटर, ड्रेनचा चोक (पुरवठा आत सोडणारी पण १४५ ला अडवणारी कॉइल) आणि त्याचे बायपास कपॅसिटर, फक्त ट्रान्झिस्टर नको. ड्रेनच्या पॅडवर, जिथे पाय येणार तिथेच, ग्राउंडला ५१ ओमचे चार एसएमडी रेझिस्टर समांतर लावा, होतात १२.७५ ओम, आणि त्यांच्या शेजारी ३९ पिकोफॅरडचा सी०जी. हा झाला तुमचा खोटा ट्रान्झिस्टर. एसएमएच्या तोंडाशी ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेशन करून घ्या, केबलच्या टोकाला करा, यंत्राच्या तोंडाला नाही, आणि १०० ते २०० मेगाहर्ट्झ एस११ (पाठवलेल्यातलं किती परत येतं ते) बघा. खड्डा १४५ च्या खाली दिसला तर कॉइल जास्त आहे, ताणा. वर दिसला तर दाबा. खड्डा जागेवर आहे पण उथळ आहे तर कपॅसिटरकडे बघा. २० डीबी रिटर्न लॉस मिळाला की सोडून द्या, ४० च्या मागे लागू नका, ट्रान्झिस्टर स्वतःच तेवढा अचूक नसतो.

हे चालतं का, तर मधलं नेटवर्क लॉस नसलेलं आहे, त्यामुळे ५० च्या बाजूने मॅच दिसलं की ड्रेनच्या बाजूनेही बरोबर तोच लोड दिसतोय, उलटसुलट दोन्हीकडून खरं. मग रेझिस्टर आणि कपॅसिटर काढायचे आणि ट्रान्झिस्टर लावायचा. व्हाया, ट्रेस, पॅड सगळ्यांचा हिशोब या एका मापात आपोआप आलेला असतो, वरचं सगळं वजाबाकीचं गणित थोडं चुकलं असेल तरी इथे सापडतं.

चोक, बायपास आणि भलतीच शिट्टी

ड्रेनचा चोक लोक एवढा मोठा घेतात की तो खालच्या फ्रिक्वेन्सीला रेझोनेट होतो. लोडच्या दहा-पंधरा पट रिॲक्टन्स पुरे, २२० नॅनोहेन्री घेतला तर १४५ ला २०० ओम, झालं काम. असल्या ट्रान्झिस्टरला खालच्या मेगाहर्ट्झमध्ये गेन भयंकर असतो, तुम्ही १४५ चं सगळं नीट केलंय आणि तो मात्र ५ मेगाहर्ट्झला स्वतःच शिट्टी मारतोय असं होतं. म्हणून चोकच्या मागे १ नॅनोफॅरड, मग फेराइट बीड, मग १०० नॅनोफॅरड, मग १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, सगळे ग्राउंडला. गेटच्या बायसला (गेटला दिलेल्या स्थिर व्होल्टला) चोकऐवजी थोड्या किलो-ओमचा रेझिस्टर द्या आणि गेटपासून ग्राउंडला ४७ ते १०० ओम रेझिस्टर कपॅसिटरसोबत सिरीजमध्ये. गेन एक-दोन डीबी जाईल, जाऊ दे, शांत ॲम्प्लिफायर बरा.

पहिल्यांदा पॉवर देताना पुरवठ्याला करंट लिमिट, आउटपुटला ५० ओमचा डमी लोड, इनपुटला काही नाही. बायस हळूहळू वाढवा. करंट सावकाश चढायला हवा, मध्येच एकदम उडी मारली किंवा बोर्डाजवळ हात नेल्यावर हलला तर ऑसिलेट होतोय, लगेच बंद करा. शांत असेल तर ड्राइव्ह द्या, पन्नास टक्के एफिशियन्सी धरली तर पाच वॉटला करंट ०.८ अँपियर दिसायला हवा. दीड अँपियर जातोय आणि दोनच वॉट येतायत तर लोड चुकलाय किंवा सोर्सचं ग्राउंड कच्चं आहे, त्याच क्रमाने बघा.

आणि एसएमएच्या आधी लो पास फिल्टर, निदान पाच घटकांचा, हा लावायचाच. १४५ चे हार्मोनिक २९० आणि ४३५ ला पडतात, आणि आपल्याकडे पुण्याहून साधारण ८० किलोमीटरवर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, त्यांचा एक बँड २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे दोन्ही हार्मोनिक नेमके त्यात. फिल्टरच्या कॉइल एकमेकींना काटकोनात ठेवा, एका रांगेत ठेवल्या तर पहिलीतून तिसरीत सरळ उडी जाते. फिल्टर लावल्यावर एस११ परत एकदा बघून घ्या, कारण आता नेटवर्कला ५० ओम दिसतायत की नाही ते फिल्टर ठरवतो, आणि त्याच्यासाठी कॉइल ड्रेनची नाही, फिल्टरची हलवायची.